जेफ्री चॉसर : हिशेबाच्या कागदांतील चरित्र आणि कवीची वाङ्मयीन ऋणे

प्रस्तावना

चौदाव्या शतकातील इंग्लंडमध्ये राजकुलाबाहेरच्या माणसाची जीवनकथा लिहू पाहणाऱ्यास साधनांच्या अभावाशी झगडावे लागते. जेफ्री चॉसर या कवीच्या बाबतीत अडचण नेमकी उलट आहे. मार्टिन क्रो आणि क्लेअर ओल्सन यांनी १९६६ साली त्याच्या जीवनविषयक कागदपत्रांचा जो संग्रह प्रसिद्ध केला त्यात ४९३ नोंदी आहेत. कपड्यांचा खर्च, वर्षासनांची पावती, प्रवासभत्ता, जकातीचे हिशेब, कर्जाचे दावे, भाडेपट्टे, साक्ष अशा सर्व प्रकारचे कागद त्यात सापडतात. मात्र या ४९३ नोंदींपैकी एकीतही हा मनुष्य कविता लिहीत असे, असा उल्लेख नाही. राजदरबाराने त्याला जे दिले ते शिलेदाराला, वकिलाला, अंमलदाराला दिले. कवीला दिले असे कोठेही नमूद नाही.

म्हणजे आपल्यासमोर एकाच नावाची दोन चरित्रे आहेत. एक कीर्द-खतावणीतील, तारीखवार आणि भावनाशून्य. दुसरे त्याच्या काव्यातील, ज्यात तो स्वतःलाच बावळट, स्थूल आणि प्रेमव्यवहारात अननुभवी म्हणून रंगवितो. या दोहोंमध्ये पूल बांधण्याचे काम गेली दीडशे वर्षे अभ्यासक करीत आले आहेत. त्या पुलाचे काही खांब भक्कम आहेत, तर काही केवळ अनुमानाचे आहेत. आणि त्यांपैकी एक खांब २०२२ साली प्रकाशात आलेल्या कागदांमुळे हादरला. प्रस्तुत निबंधात चॉसरच्या जीवनाचा आणि त्याच्यावरील वाङ्मयीन प्रभावांचा विचार करावयाचा आहे. तथापि तो करताना कागद काय सांगतो आणि आपण त्याच्याकडून काय वदवून घेतो, हा भेद नजरेआड होऊ द्यावयाचा नाही, अशी भूमिका आहे.

आपल्याकडील विद्यापीठांत इंग्रजीच्या पदव्युत्तर वर्गांना चॉसर शिकविताना त्याला ‘इंग्रजी काव्याचा जनक’ म्हणण्याचा प्रघात आहे. मुकुंदराजांना आद्यकवी म्हणण्याची सवय असलेल्या मराठी अध्यापकाला ही पदवी चटकन पटते. ती दिशाभूल करणारी आहे. चॉसरच्या पूर्वी कित्येक शतके इंग्रजीत थोर काव्य लिहिले गेले होते, आणि त्याच्याच काळात विल्यम लँगलंड व ‘सर गवेन’चा अनामिक कवी हे वेगळ्या, अनुप्रासप्रधान परंपरेत लिहीत होते. चॉसरचे कार्य आरंभाचे नसून आयातीचे आहे, असे म्हटले तर ते अधिक यथार्थ ठरेल. आणि आयातीशी त्याच्या घराण्याचा संबंध शब्दशः होता.

मद्यव्यापाऱ्याचा पुत्र

चॉसरचा जन्म १३४० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत लंडन येथे झाला असे मानले जाते. जन्मतिथीची नोंद नाही. १३८६ साली एका सरदारी मानचिन्हाच्या वादात साक्ष देताना त्याने आपले वय ‘चाळीस व त्याहून अधिक’ असे सांगितले, त्यावरून हा अंदाज बांधला जातो. घराणे मूळचे इप्सविचचे. पिता जॉन चॉसर हा मद्याचा घाऊक व्यापारी होता आणि थेम्स नदीकाठच्या व्हिन्ट्री विभागात त्याचे घर होते. याच विभागात गॅस्कनीचे मद्य गलबतांतून उतरविले जाई. फ्रेंच बोलणारे खलाशी, इटालियन सावकार, फ्लँडर्सचे विणकर यांची तेथे सतत वर्दळ असे. चॉसर हे आडनावही फ्रेंच असून त्याचा संबंध पादत्राणे बनविणाऱ्याच्या व्यवसायाशी आहे.

या घराण्याच्या इतिहासातील एक प्रसंग अनेक चरित्रकारांनी रंगवून सांगितला आहे. १३२४ साली जॉनच्या आत्याने, मालमत्ता घराण्यातच राहावी म्हणून, लहानग्या जॉनला पळवून नेऊन आपल्या मुलीशी त्याचा विवाह लावण्याचा घाट घातला. विवाह झाला नाही. आत्याला २५० पौंडांचा दंड झाला. त्या काळी ही रक्कम प्रचंड होती. कथेची रंजकता सोडली तरी त्यातून एक गोष्ट निश्चित कळते : हे घर सामान्य असले तरी गरीब नव्हते. १३४८-४९ च्या महामारीत अनेक नातलग दगावले आणि त्यांची मालमत्ता जॉन व त्याची पत्नी ॲग्नेस यांच्याकडे आली. इंग्लंडच्या लोकसंख्येचा मोठा हिस्सा नाहीसा करणाऱ्या या संकटाने वाचलेल्यांपैकी काहींना संपन्न केले. चॉसर कुटुंब त्यांपैकीच एक होय.

चॉसरचे नाव कागदावर प्रथम येते ते १३५७ साली. राजा तिसरा एडवर्ड याचा पुत्र लायोनेल याची पत्नी एलिझाबेथ, अल्स्टरची काउंटेस, हिच्या खासगी हिशेबात जेफ्रीसाठी एक आखूड अंगरखा, तांबडे-काळे पायघोळ मोजे आणि जोडे खरेदी केल्याची नोंद आहे. ही नोंद टिकली ती योगायोगाने. हिशेबाचे चर्मपत्र निरुपयोगी ठरल्यावर पुढे कोणी तरी ते दुसऱ्याच एका हस्तलिखिताच्या बांधणीसाठी वापरले आणि एकोणिसाव्या शतकात ते ब्रिटिश म्युझियममध्ये उजेडात आले. व्यापाऱ्याचा मुलगा सरदार घराण्यात सेवक म्हणून राहू लागला, ही सामाजिक चढणीची पहिली पायरी होती.

१३५९ च्या अखेरीस तो राजाच्या सैन्याबरोबर फ्रान्समध्ये गेला, रेम्स शहराच्या परिसरात शत्रूच्या हाती सापडला आणि मार्च १३६० मध्ये त्याच्या सुटकेच्या खंडणीसाठी राजाने १६ पौंड दिले. शतवार्षिक युद्धात खंडणी हा नित्याचा व्यवहार होता. तरीही नमूद करण्याजोगी बाब अशी की, ज्या देशाच्या काव्याने त्याला घडविले त्याच देशात तो बंदी होता.

फ्रेंच संस्कार

चॉसरच्या तारुण्यात इंग्लिश दरबाराची वाङ्मयीन भाषा फ्रेंच होती. १३६२ च्या कायद्याने न्यायालयांतील युक्तिवाद इंग्रजीत व्हावेत असे ठरविले. कारण फ्रेंच भाषा सामान्यांना कळत नाही, असे त्यात कारण दिले होते. हा कायदा स्वतः मात्र फ्रेंचमध्ये लिहिलेला होता! या एका विसंगतीत तत्कालीन भाषिक परिस्थितीचे सारे चित्र सामावलेले आहे. अशा दरबारात ज्याला कवी म्हणून ओळख हवी त्याने फ्रेंचमध्ये लिहावे, हे उघड होते. चॉसरचा मित्र जॉन गॉवर याने फ्रेंच, लॅटिन आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत दीर्घ काव्ये लिहिली. चॉसरचे उपलब्ध असलेले सर्व निश्चित लेखन इंग्रजीत आहे. या निवडीमागे राष्ट्राभिमान शोधणे हा एकोणिसाव्या शतकाचा छंद होता. त्याच्या लेखनात फ्रेंचविषयी तिरस्कार कोठेही नाही. उलट, फ्रेंच काव्याला जे जमते ते इंग्रजीला जमेल काय, या कुतूहलाने तो लिहीत असावा असे वाटते.

सप्टेंबर १३६८ मध्ये लँकेस्टरची डचेस ब्लँश निधन पावली. तिचा पती जॉन ऑफ गाँट हा राजाचा पुत्र. तिच्या मृत्यूवर चॉसरने ‘द बुक ऑफ द डचेस’ हे शोककाव्य रचले. काव्याची बहुतेक सामग्री गीयोम द माशो याच्या काव्यांतून आणि ज्याँ फ्रॉइसार्तच्या रचनांतून घेतलेली आहे. स्वप्नाची चौकट ‘रोमान्स ऑफ द रोझ’ या फ्रेंच काव्यातील आहे, आणि त्या काव्याचे इंग्रजी भाषांतर आपण केले असल्याचे चॉसर स्वतः सांगतो. एवढे सारे उसने असूनही काव्यातील मुख्य युक्ती त्याची आहे. काळे कपडे घातलेला सरदार आपले दुःख दरबारी अलंकारांत गुंडाळून सांगत राहतो, आणि न समजल्यासारखा प्रश्न विचारणारा निवेदक शेवटी त्याच्याकडून पत्नी मेल्याचे साधे, उघडे वाक्य वदवून घेतो. अलंकारिक भाषा जेथे थकते तेथे काव्य संपते. सेवकाने धन्याचे सांत्वन करावयाचे तर स्वतः अडाणी होऊनच करावे लागते, हे दरबारातील शहाणपण त्यात आहे. पुढील सर्व काव्यांतला बावळट निवेदक येथेच जन्माला आला.

याच काव्यात एक ओझरता उल्लेख भारतीय वाचकाचे लक्ष वेधून घेतो. सरदाराच्या प्रियेचे गुण मोजावयाचे झाले तर नव्या दहा अंकांनी गणना करणारा थोर गणितीही थकेल, अशा आशयाचे तेथे वर्णन आहे. तो गणिती म्हणजे अल् ख्वारिज्मीच्या नावाचा अपभ्रंश असून ते दहा अंक म्हणजे भारतातून अरबांमार्फत युरोपात गेलेले शून्यासहित अंक होत. रोमन आकड्यांत जकातीचे हिशेब होत असलेल्या देशात हे अंक तेव्हा नवलाईचे होते.

चॉसरचा विवाह १३६६ पर्यंत झालेला होता. पत्नी फिलिपा ही राणीच्या सेवेत होती. तिची बहीण कॅथरीन स्विनफर्ड ही जॉन ऑफ गाँटची दीर्घकाळ प्रेयसी होती आणि १३९६ साली त्याची विवाहित पत्नी झाली. या नात्याचा चॉसरला किती लाभ झाला याचे मोजमाप करता येत नाही. पण गाँटचे दहा पौंडांचे वर्षासन १३७४ पासून त्याला मिळत होते, हे कागदावर आहे.

इटली : दोन प्रवास

डिसेंबर १३७२ मध्ये चॉसर जिनोआच्या व्यापाऱ्यांशी इंग्लंडमधील एका बंदराविषयी वाटाघाटी करण्यासाठी निघाला. तेथून तो फ्लॉरेन्सला गेला आणि मे १३७३ मध्ये परतला. १३७८ साली दुसऱ्यांदा तो लोम्बार्डीत मिलानचा सत्ताधीश बेर्नाबो व्हिस्कोंती आणि भाडोत्री सेनापती जॉन हॉकवुड यांच्याकडे युद्धविषयक बोलणी करण्यास गेला. दुसऱ्या प्रवासाला निघण्यापूर्वी त्याने आपले वकीलपत्र ज्यांच्या नावे करून दिले त्यांत गॉवर होता. दोन कवींच्या मैत्रीचा हा कायदेशीर पुरावा!

या दोन प्रवासांचे वाङ्मयीन परिणाम इतके दूरगामी आहेत की, त्यांभोवती दंतकथा निर्माण होणे स्वाभाविक होते. ‘कँटरबरी टेल्स’मधील विद्यार्थी आपली ग्रिसेल्डाची कथा पादुआ येथे पेट्रार्ककडून ऐकल्याचे सांगतो, त्यावरून चॉसर पेट्रार्कला भेटला होता, असे एके काळी छातीठोकपणे लिहिले जाई. कथेतील पात्राचे विधान कवीच्या आत्मचरित्रात भरण्याचा हा प्रकार आहे. तशी भेट झाल्याचा एकही कागद नाही. बोकाच्चो १३७३ च्या ऑक्टोबरमध्ये फ्लॉरेन्स येथे दान्तेवर जाहीर व्याख्याने देऊ लागला, तेव्हा चॉसर लंडनला परतून पाच महिने झाले होते. ग्रंथांची भेट मात्र निःसंशय झाली. बोकाच्चोच्या ‘फिलोस्त्रातो’वरून त्याने ‘ट्रॉइलस अँड क्रिसेड’ रचले आणि ‘तेसेइदा’वरून सरदाराची कथा.

या दोन रूपांतरांची तुलना उद्बोधक आहे. ‘तेसेइदा’ची सुमारे दहा हजार ओळींची सामग्री चॉसरने २,२५० ओळींत आटवली, उलट ‘फिलोस्त्रातो’च्या ५,७०४ ओळी फुलवून ८,२३९ केल्या. जेथे युद्ध, शस्त्रे आणि मिरवणुका होत्या तेथे त्याने कात्री चालविली. जेथे दोन माणसांमधील संकोच, भय आणि फसवणूक होती तेथे तो रेंगाळला. बोकाच्चोची नायिका सहज वश होते आणि सहज विसरते. चॉसरची क्रिसेड ही शत्रूने वेढलेल्या नगरातील, पित्याने टाकून दिलेली विधवा आहे. भोवतीचे सर्व पुरुष आपल्याला कोठे ना कोठे हलवीत आहेत याची तिला जाणीव आहे. तिच्या विश्वासघाताचे वर्णन करताना निवेदकाची जीभ अडखळते आणि तो दोष जुन्या ग्रंथांवर ढकलतो. मूळ काव्य प्रेमभंग झालेल्या तरुणाचे होते. रूपांतरात ते नियतीविषयीचे झाले.

हा बदल घडविणारा ग्रंथ इटालियन नव्हता. सहाव्या शतकात तुरुंगात मृत्यूची वाट पाहत बोएथियस याने लिहिलेल्या ‘तत्त्वज्ञानाचे सांत्वन’ या लॅटिन ग्रंथाचे चॉसरने याच सुमारास इंग्रजी गद्यात भाषांतर केले. त्यासाठी ज्याँ द मं याचे फ्रेंच भाषांतरही त्याने जवळ ठेवले होते. सर्व काही ईश्वराला आधीच ज्ञात असेल तर माणसाला निवडीचे स्वातंत्र्य उरते काय, हा बोएथियसचा प्रश्न ट्रॉइलस मंदिरात बसून स्वतःला विचारतो. विचारतो, आणि अर्ध्यातच थांबतो. बोएथियसचे उत्तर त्याला सापडत नाही. पाठ्यपुस्तकांत चॉसरच्या लेखनाचे फ्रेंच, इटालियन व इंग्रजी असे तीन कालखंड पाडलेले असतात. परीक्षेसाठी ते सोयीचे असले तरी इटालियन कथा, लॅटिन तत्त्वज्ञान आणि फ्रेंच टाचण एकाच मेजावर उघडी असताना लिहिलेल्या या काव्याला कोणत्या कप्प्यात टाकावे? ओव्हिड तर पहिल्या काव्यापासून शेवटच्यापर्यंत त्याच्या हाताशी आहे. प्रभाव हे राजवटींसारखे एकामागून एक येत नाहीत.

चॉसर बोकाच्चोचे नाव एकदाही घेत नाही, ही बाब अभ्यासकांना सतत सतावते. दान्ते आणि पेट्रार्क यांची नावे तो आदराने घेतो. ‘ट्रॉइलस’ची कथा मात्र लोलियस नावाच्या, कधीही अस्तित्वात नसलेल्या प्राचीन ग्रंथकाराकडून घेतल्याचे सांगतो. आजच्या दृष्टीने याला वाङ्मयचौर्य म्हणणे सोपे आहे. मध्ययुगात प्रामाण्य प्राचीनत्वाला होते. समकालीन देशी भाषेतील लेखकाचे नाव घेऊन ते मिळत नसे. मला तरी यात चोरीपेक्षा थट्टेचा भाग अधिक दिसतो.

जकातीचे दप्तर आणि आल्डगेटची खोली

८ जून १३७४ रोजी चॉसरची लंडन बंदरातील लोकर-जकातीचा नियंत्रक म्हणून नेमणूक झाली. त्याच वर्षी राजाने त्याला रोज एक गॅलन मद्य देण्याची आज्ञा केली आणि नगराने आल्डगेट या वेशीवरील राहण्याची जागा हयातभरासाठी विनाभाडे दिली. लोकरीवरील जकात हा राजाच्या उत्पन्नाचा कणा होता. वसुली करणारे अधिकारी लंडनचे बडे व्यापारी असत (निकोलस ब्रेम्बर, विल्यम वॉलवर्थ, जॉन फिलिपॉट ही त्यांतील नावे) आणि तेच राजाला कर्जही देत. त्यांच्या हिशेबावर नजर ठेवण्याचे काम नियंत्रकाचे. दप्तर स्वहस्ते लिहिण्याची अट नेमणुकीतच होती. ज्यांच्यावर देखरेख करावयाची ते आपल्याहून कितीतरी सामर्थ्यवान, अशी ही अवघड जागा त्याने बारा वर्षे सांभाळली.

‘द हाउस ऑफ फेम’मध्ये कवीला पंजात धरून आकाशात नेणारा गरुड त्याला टोमणा मारतो की, दिवसभराचे हिशेब संपवून घरी गेल्यावर तू पुन्हा दुसऱ्याच पुस्तकासमोर मुका होऊन बसतोस आणि दाराबाहेरच्या शेजाऱ्याची बातमीही तुला नसते. दप्तरातील चॉसर आणि काव्यातील चॉसर यांची गाठ पडते अशी ही दुर्मीळ जागा. पुढे दान्तेच्या स्वर्गारोहणाचे ते खट्याळ विडंबनही आहे.

१३ जून १३८१ रोजी एसेक्सचे बंडखोर शेतकरी लंडनमध्ये शिरले ते आल्डगेटच्या वेशीतून, म्हणजे चॉसरच्या निवासाच्या खालून. त्या दिवसांत गाँटचा सॅव्हॉय वाडा जाळण्यात आला, कँटरबरीच्या आर्चबिशपचे शिर उडविण्यात आले, आणि व्हिन्ट्रीत, चॉसरच्या बालपणीच्या परिसरात, फ्लेमिश लोकांची कत्तल झाली. आठवड्याभराने, १९ जूनला, त्याने थेम्स स्ट्रीटवरील पैतृक घरावरचा हक्क सोडून दिला. या सर्व घटनांचा त्याच्या काव्यातील उघड उल्लेख किती? कोंबडा आणि कोल्हा यांच्या कथेत, कोल्ह्यामागे धावणाऱ्यांचा गोंगाट जॅक स्ट्रॉच्या टोळीने फ्लेमिशांना मारताना केलेल्या आरोळ्यांहूनही मोठा होता, एवढीच उपमा. गॉवरने याच बंडावर लॅटिनमध्ये संतापाचे पर्व लिहिले. चॉसरचे मौन हे भित्रेपणाचे की सावधपणाचे, यावर मतभेद आहेत. पण त्याची उपमा वाचताना हसू येऊन अंगावर काटाही येतो, हे मान्य करावे लागेल.

सेसिली शॉम्पेन : एका शब्दाचा इतिहास

चॉसरच्या चरित्रातील सर्वांत वादग्रस्त कागद मे १३८० चा आहे. लंडनच्या एका पाववाल्याची कन्या सेसिली शॉम्पेन हिने चॉसरला ‘माझ्या राप्तुसच्या’ आणि अन्य सर्व दाव्यांतून मुक्त करीत असल्याचे त्यात लॅटिनमध्ये नोंदविले आहे. साक्षीदारांत राजदरबारातील सरदार आहेत. १८७३ साली फर्निव्हलने हा कागद प्रसिद्ध केला तेव्हापासून त्या एका शब्दाभोवती ग्रंथ लिहिले गेले. मध्ययुगीन इंग्लिश कायद्यात त्याचा अर्थ बलात्कार असा होऊ शकतो, तसाच अपहरण असाही. एकोणिसाव्या शतकातील पूजक अभ्यासकांनी सोयीचा अर्थ निवडून विषय झाकला. १९९३ साली ख्रिस्टोफर कॅनन याने याच मुक्तिलेखाची दुसऱ्या न्यायालयातील नोंद शोधली. तीत तो शब्दच गाळलेला होता, आणि त्यामुळे संशय अधिक गडद झाला. स्त्रीवादी समीक्षकांनी हा कागद बाजूला सारण्यास ठाम नकार दिला आणि चॉसरच्या काव्यातील बलात्काराच्या प्रसंगांचे नव्याने वाचन केले.

ऑक्टोबर २०२२ मध्ये युअन रॉजर आणि सेबॅस्टियन सोबेकी यांनी क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारातील नवे कागद प्रसिद्ध केले. त्यांवरून असे दिसते की, १३७९ साली थॉमस स्टॉन्डन नावाच्या गृहस्थाने मजूरविषयक कायद्याखाली दावा लावला होता आणि त्यात चॉसर व सेसिली हे दोघेही प्रतिवादी होते. सेसिली ही स्टॉन्डनची नोकर असून तिने मुदतीपूर्वी नोकरी सोडून चॉसरची चाकरी पत्करली, असा आरोप होता. महामारीनंतर मजुरांची टंचाई झाली, वेतन वाढू लागले, तेव्हा ते रोखण्यासाठी १३४९ चा आदेश आणि १३५१ चा कायदा आला. दुसऱ्याच्या नोकराला फितवून नेणे हा त्याखाली गुन्हा होता. या प्रकाशात मे १३८० चा मुक्तिलेख हा सेसिली आणि चॉसर यांनी एकाच बाजूने केलेल्या बचावाचा भाग ठरतो.

म्हणजे दीडशे वर्षे ज्यांना आपण आरोपी आणि फिर्यादी समजत होतो ते बहुधा सहआरोपी होते. या शोधाने ‘चॉसर निर्दोष ठरला’ अशा बातम्या झाल्या. तसे म्हणण्याची घाई करू नये, असे शोधकर्त्यांसह अनेकांनी बजावले आहे. ‘राप्तुस’ हा शब्द मजूरदाव्यात नेमका का वापरला गेला याची चर्चा चालू आहे. आणि स्त्रीवादी वाचनाने त्याच्या काव्याविषयी जे दाखवून दिले ते या कागदावर कधीच सर्वस्वी अवलंबून नव्हते. इतिहासाच्या अध्यापकाला यातून एक निराळीच बाब जाणवते. जो प्रश्न स्त्री-पुरुष संबंधांचा समजून सोडविला जात होता त्याचे उत्तर वेतन आणि चाकरी यांच्या इतिहासात, दुसऱ्याच न्यायालयाच्या न उलगडलेल्या गुंडाळीत पडून होते.

पडझड आणि कथांची यात्रा

१३८६ साली चॉसर केंटतर्फे पार्लमेंटचा सभासद होता. राजा दुसरा रिचर्ड याच्या मर्जीतील माणसांवर त्याच पार्लमेंटने हल्ला चढविला. वर्षाअखेर चॉसरचे जकातीतील पद गेले आणि आल्डगेटची जागाही सुटली. पुढील वर्षानंतर फिलिपाचे नाव कागदांतून नाहीसे होते. १३८८ च्या ‘निर्दय’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पार्लमेंटने ब्रेम्बरला, ज्याच्या हिशेबांवर चॉसर देखरेख करीत असे त्याला, देहदंड दिला. चॉसरची आपल्या गद्यग्रंथात स्तुती करणाऱ्या टॉमस अस्क यालाही. चॉसर स्वतः तेव्हा कर्जाच्या दाव्यांत अडकला होता आणि त्याने आपली राजकीय वर्षासने दुसऱ्याच्या नावे करून दिली. वेळीच बाजूला होणे हे त्याचे मोठे कौशल्य दिसते. १३८९ मध्ये तो राजाच्या बांधकामांचा कारभारी झाला. त्या काळात सप्टेंबर १३९० मध्ये त्याला वाटमाऱ्यांनी एकाहून अधिक वेळा लुटले.

‘कँटरबरी टेल्स’ची कल्पना या पडझडीच्या सुमारास आकारास आली असे बहुतेक अभ्यासक मानतात. साउथवर्कच्या टॅबर्ड खाणावळीत जमलेले सुमारे तीस यात्रेकरू, जाताना दोन व येताना दोन कथा असा बेत. प्रत्यक्षात २४ कथा, त्यांतील काही अपुऱ्या. यात्रेकरूंच्या वर्णनाला तत्कालीन समाजातील वर्गवार दोष दाखविणाऱ्या लॅटिन-फ्रेंच रचनांचा आधार आहे. परंतु त्या रचनांतील धर्मोपदेशकाचा कठोर सूर येथे नाही. निवेदक प्रत्येकाच्या तोंडची स्वस्तुती मान डोलावून लिहून घेतो, जणू जकातीच्या दप्तरात व्यापाऱ्याने सांगितलेला आकडा टिपावा तशी.

उसनवारीचे सर्वांत धीट उदाहरण म्हणजे बाथची पत्नी. संत जेरोमच्या विवाहविरोधी ग्रंथातील स्त्रीनिंदेची वचने आणि ‘रोमान्स ऑफ द रोझ’मधील म्हातारीचे भाषण, असे पुरुषांनी लिहिलेले सारे साहित्य चॉसरने पाच नवरे केलेल्या एका विणकर स्त्रीच्या तोंडी दिले. ती ते ग्रंथ नवऱ्याच्या पुस्तकातून रात्रंदिवस ऐकत आलेली आहे, आणि शेवटी त्याची पाने फाडते. सिंहाचे चित्र सिंहाने काढले असते तर, हा तिचा प्रश्न प्राचीन नीतिकथेतला. पण तो विचारणारी व्यक्ती नवी आहे.

पापक्षमापत्रे विकणाऱ्याच्या कथेचे मूळ तर आपल्या भूमीपर्यंत येऊन पोचते. सोने सापडलेले तिघे मित्र, अन्न आणावयास गेलेला त्यात विष कालवतो, मागे राहिलेले दोघे त्याला मारतात आणि तेच अन्न-पाणी घेऊन मरतात, हे कथानक पाली जातकांतील वेदब्भ जातकात (क्रमांक ४८) आढळते. तेथे मंत्राने रत्नांचा वर्षाव करणारा ब्राह्मण आणि चोरांच्या टोळ्या आहेत, आणि विषारी भात आहे. जातक चॉसरच्या वाचनात आले असण्याचा प्रश्नच नाही. पर्शियन, अरबी आणि युरोपीय रूपांतरांची मालिका मध्ये आहे. तथापि तुलना केली असता चॉसरने घातलेली भर स्पष्ट दिसते : मृत्यूला शोधून ठार मारण्याची शपथ घेऊन निघालेले दारुडे, आणि मरू इच्छिणारा पण मृत्यू ज्याला नेत नाही असा वृद्ध. महामारीनंतरच्या पिढीला हे पात्र कसे ऐकू आले असेल याची कल्पना करता येते. शिवाय लोभाविरुद्धचे हे प्रवचन देणारा स्वतः लोभी असून ते आधीच कबूल करतो. तरीही कथा परिणाम करते. नीतिकथेला नीतिमान वक्ता लागतोच काय, हा प्रश्न जातकाने विचारलेला नव्हता.

१३९९ साली गाँट व ब्लँश यांचा पुत्र हेन्री याने रिचर्डला पदच्युत केले. ज्या स्त्रीच्या मृत्यूवर चॉसरने पहिले मोठे काव्य लिहिले तिचाच मुलगा आता राजा होता. चॉसरने आपल्या रिकाम्या थैलीला उद्देशून एक विनोदी तक्रारकाव्य लिहून नव्या राजाकडे पाठविले. वर्षासने चालू राहिली आणि त्यांत ४० मार्कांची भर पडली. २४ डिसेंबर १३९९ रोजी त्याने वेस्टमिन्स्टर मठाच्या बागेतील एक घर ५३ वर्षांच्या करारावर घेतले. त्याची मृत्युतिथी म्हणून २५ ऑक्टोबर १४०० ही तारीख मिळते. ती त्याच्या थडग्यावरील लेखातील आहे आणि ते थडगे १५५६ साली निकोलस ब्रिगम याने उभारलेले आहे. मठात त्याला जागा मिळाली ती कवी म्हणून नव्हे. मठाचा भाडेकरू आणि राजाचा जुना सेवक म्हणून मिळाली. १५९९ साली एडमंड स्पेन्सरला मुद्दाम त्याच्याशेजारी पुरण्यात आले, आणि तेव्हापासून त्या कोपऱ्याला कवींचा कोपरा म्हणून ओळख मिळू लागली.